घराआधी जागा
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी म्हण मराठीत रूढ आहे. या दोन्ही कामांत माणसाची कसोटी लागते, असा तिचा आशय. परंतु कोकणात घर बांधू पाहणाऱ्या सामान्य कुटुंबाची कसोटी पाया खणण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. चिरा मिळतो, गवंडी मिळतो, थोडेफार कर्जही मिळते. मिळत नाही ती निर्वेध हक्काची गुंठा-दोन गुंठे जागा. सभोवार मोकळी जमीन पसरलेली असावी आणि तरीही घरापुरती जागा विकत मिळू नये, हा कोकणातील ग्रामीण घरबांधणीचा मूळ प्रश्न आहे. या प्रश्नाचे स्वरूप काय आणि गावाच्या पातळीवर त्यावर कोणते उपाय योजता येतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

तिठ्यावरचे गाव

उदाहरणादाखल कणकवली तालुक्यातील तळेरे हे गाव घ्यावे. मुंबई-गोवा महामार्गावरील या गावातून एक रस्ता वैभववाडी आणि गगनबावड्यामार्गे कोल्हापूरकडे घाट चढतो, तर दुसरा विजयदुर्गच्या दिशेने खाडीकडे उतरतो. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला, आणि त्यानंतर शाळा, बाजार, दवाखाना व एसटी यांच्या सोयीमुळे अशा तिठ्यावरच्या गावांकडे आतल्या वाड्यांचा ओढा वाढत गेला. महामार्गाच्या चौपदरीकरणाने या ओढ्याला वेग दिला. नाक्यालगतच्या जमिनीला व्यापारी मागणी आली, आणि ज्याला केवळ राहण्यासाठी छप्पर हवे, तो मजूर, कारागीर किंवा लहान नोकरदार नाक्यापासून आत, चढावर किंवा व्हाळाच्या कडेला लोटला जाऊ लागला.

त्यातही तीन प्रकारची कुटुंबे दिसतात. एकत्र घर अपुरे पडल्याने वेगळी चूल मांडणारे भाऊ हा पहिला प्रकार. मुंबईची नोकरी संपवून गावी परतणारे चाकरमानी हा दुसरा. आणि तिसरा प्रकार भूमिहीनांचा, ज्यांना शासनाकडून घरकुल मंजूर झाले आहे, पण ते बांधावयास स्वतःच्या नावे वीतभर जमीन नाही. पहिल्या दोघांची अडचण गैरसोयीची आहे. तिसऱ्याची अडचण अशी की जागेचा कागद वेळेत झाला नाही, तर हाती आलेले घरच निसटते.

मंजुरी आहे, जमीन नाही

भूमिहीनांना घरासाठी जागा देण्याचा विचार नवा नाही. केंद्र शासनाने १९७१ मध्ये ग्रामीण भूमिहीन मजुरांना घरांसाठी जागा देण्याची योजना आखली, आणि १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात या विषयाला स्थान मिळाले. पुढे १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना आली, व २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. या योजनेखाली सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले, व घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रात सुमारे २० लाख लाभार्थ्यांना एकाच वेळी मंजुरीची पत्रे देण्यात आली.

परंतु हे साहाय्य घरासाठी आहे. जमीन लाभार्थ्याची असावी लागते. ही उणीव ओळखून राज्य शासनाने २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना सुरू केली. जागेसाठी प्रथम ५० हजार रुपयांपर्यंत मिळणारे साहाय्य २०२४ मध्ये १ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. पाचशे चौरस फूट जागेचा हिशेब या योजनेत धरलेला आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे ध्यानात घेतले म्हणजे मागणी अर्ध्या गुंठ्याहूनही कमी जागेची आहे, हे कळून येते. असे असूनही ही अर्धा गुंठा जागा गावात का मिळत नाही, याचे उत्तर जमिनीच्या किमतीत जितके आहे, त्याहून अधिक ते सात-बाराच्या उताऱ्यात आहे.

सात-बारावरील नावांची गर्दी

देशावरच्या गावात घरे गावठाणात दाटीने असतात व शेते बाहेर असतात. कोकणातील गाव वाड्यावाड्यांनी विखुरलेले असते. घर, खळे, मांगर आणि परसू हे सारे शेतजमिनीतच उभे राहते. गायरानही देशाच्या मानाने येथे थोडे. त्यामुळे घरासाठी जागा घेणे म्हणजे बहुधा कोणाच्या तरी शेतजमिनीचा तुकडा घेणे होय.

या जमिनीला इतिहासही आहे. १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली. १९४८ च्या कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कुळे जमिनीची मालक मानली गेली. ज्यांनी खरेदीची रक्कम भरली, त्यांना कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. ज्यांची प्रकरणे अपुरी राहिली, त्यांची नावे अजूनही ‘इतर हक्क’ या रकान्यात दिसतात. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत वारसांची नावे चढत गेली, पण वाटप झाले नाही. एका लहानशा हिस्सा नंबरावर पंधरा-वीस नावे आणि त्यांची आणेवारी, हे कोकणातील उताऱ्याचे नेहमीचे रूप झाले आहे. त्यांतील काही माणसे गावात, काही परळ-लालबागेत, काही विरार-डोंबिवलीत, आणि काही तर हयातही नाहीत.

समजा, अशाच एका गावात एका कुळाला २४ गुंठे जमीन कुळकायद्याने मिळाली. त्याच्या पश्चात तीन मुलगे आणि एक मुलगी असे चार वारस राहिले, आणि प्रत्येकाच्या वाट्याला ६ गुंठे येतात. गावात राहणारा एक भाऊ वहिवाटीचा मालक समजला जातो. रस्त्यालगतचा कोपरा तो एका भूमिहीन लाभार्थ्यास देऊ करतो. दोघांचीही नियत स्वच्छ आहे. तरीही या साध्या व्यवहारात चार अडथळे उभे राहतात.

पहिला अडथळा सामायिकपणाचा. वाटप झालेले नसताना हा भाऊ फार तर आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. अमुक कोपरा आपलाच, असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही घेण्याची आवश्यकता नाही, ही समजूतही चुकीची आहे. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलाबरोबरीचा वाटा मिळतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये कायदा दुरुस्त करून तिला जन्मतःच हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. बहिणीला हक्क सोडावयाचा असेल, तर तो तिने समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच सोडला पाहिजे.

दुसरा अडथळा कुळकायद्याच्या कलम ४३ चा. कुळकायद्याने मिळालेली जमीन पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीस दहा वर्षे झाली असल्यास, आकाराच्या ४० पट रक्कम शासनजमा करून विक्री करण्याची मुभा मिळाली. मात्र घेणारा शेतकरी असला पाहिजे, ही अट राहिली. येथेच तिसरा अडथळा जोडलेला आहे. त्याच कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीखेरीज शेतजमीन विकता येत नाही. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्यासाठी जागा घ्यावयाची, आणि ज्याच्याकडे जमीन नाही तो शेतकरी ठरत नाही, असा हा पेच आहे. तो परवानगीनेच सुटतो. डोळेझाक केल्याने सुटत नाही.

चौथा अडथळा तुकडेबंदीचा. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ठरविलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा स्वतंत्रपणे विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक ग्रामीण भागात हे क्षेत्र जिरायतीसाठी २० आर व बागायतीसाठी १० आर असे ठरले. आर म्हणजे ढोबळमानाने गुंठाच. अर्ध्या गुंठ्याची खरेदी या मर्यादेत बसणे शक्य नव्हते. म्हणून मार्च २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती करण्यात आली, आणि विहीर व शेतरस्ता यांबरोबरच ग्रामीण घरकुल योजनेच्या लाभार्थ्यासाठी १,००० चौरस फुटांपर्यंतची जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या मान्यतेने हस्तांतरित करण्याची वाट मोकळी झाली. ही तरतूद गावोगावच्या सदस्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करण्याची तरतूदही २०२५ च्या अखेरीस झाली. परंतु ती ठरावीक क्षेत्रांपुरती आहे, आणि जेथे सहहिस्सेदाराची संमतीच नव्हती, तेथे कोणत्याही नियमितीकरणाने ती निर्माण होत नाही.

कागद कशाचा आणि हक्क कशाचा

व्यवहार अवघड दिसला की लोक सोपी वाट शोधतात. मुद्रांकावर दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतले, अर्धी रक्कम दिली आणि जोते घातले, असे अनेकदा घडते. पण शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय पुरी होत नाही. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार होय. ती विक्री नव्हे. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणी निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

दुसरा गैरसमज ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्याविषयी आहे. घरपट्टीची पावती आपल्या नावे आली की जागा आपली झाली, असे पुष्कळांना वाटते. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. त्यावरून घर कोणाच्या ताब्यात आहे हे कळते. जमीन कोणाची हे ठरत नाही. ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकतपत्रिका देणारी स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. मात्र ती गावठाणापुरती असल्याने वाडीतल्या घराला तिचा आधार मिळेलच असे नाही.

बिनशेती परवान्याचीही तीच गोष्ट. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत निवासी वापरासाठी स्वतंत्र अकृषिक परवानगीची अट जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने काढून टाकली, व त्यानंतरही ही पद्धत सुटसुटीत होत आली आहे. पण वापराची परवानगी सोपी झाली म्हणून मालकीचा दोष नाहीसा होत नाही.

म्हणून जागा घेणाऱ्याने विसार देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. चालू सात-बारा व आठ-अ. त्यावरील प्रत्येक नाव कोणत्या फेरफाराने आले, तो फेरफार. ‘इतर हक्क’ रकान्यातील कूळ, बोजा, खाजगी वन किंवा वनसंज्ञेची नोंद. आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी. सिंधुदुर्गात वनसंज्ञेच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. डोळ्यांना जमीन उघडी माळरान दिसली, तरी नोंद वनाची असेल, तर तेथे घर उभे राहणार नाही. खरेदीखत झाल्यावर फेरफाराची नोटीस निघते व हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करीपर्यंत काम अपुरे आहे, असेच समजावे.

जागा पायांनी पाहावी

कागद निर्दोष असला तरी जागा राहण्याजोगी असेलच असे नाही. पहिली बाब वाटेची. गडग्याच्या फटीतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वाट पुढच्या मालकाने गडगा घालताच बंद होते. पाणंद कोठून जाते हे नकाशात पाहावे, आणि शेजाऱ्याच्या जमिनीतून वाट हवी असेल, तर तिची रुंदी व हक्क खरेदीखतातच लिहून घ्यावा. दुसरी बाब पाण्याची. कोकणात पाऊस उदंड पडतो, परंतु जांभ्याच्या कातळावर पाणी ठरत नाही. श्रावणात भरलेली विहीर पाहून जागा पसंत करू नये. ती वैशाखात पाहावी.

तिसरी बाब उताराची. डोंगर कापून सपाटी केली की पाण्याचा मूळ मार्ग बदलतो आणि वरची माती सुटी होते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे आणि १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे दरडीखाली वस्ती गाडली गेली. या घटनांनंतर स्वस्त मिळते म्हणून डोंगराच्या कुशीत गरिबाला जागा दाखविणे, हे कोणत्याही पंचायतीला शोभणारे नाही.

चौथी बाब तळेऱ्यासारख्या महामार्गावरच्या गावांना लागू आहे. मोकळ्या ग्रामीण भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटर ही इमारत रेषा व ७५ मीटर ही नियंत्रण रेषा मानली जाते. रस्त्याला चिकटून घेतलेली महागडी जागा बांधकामाला निरुपयोगी ठरू शकते, हे घेणाऱ्याला आधी सांगणारे कोणीतरी असावयास हवे.

जी जागा विकत घ्यावीच लागत नाही

यापुढचा मुद्दा पुष्कळदा विसरला जातो. कोकणात अनेक गरीब कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतः बांधलेल्या घरात राहतात. घर त्यांचे, घराखालची जमीन मालकाची. अशा कुटुंबाला नवी जागा शोधावयास सांगण्यापूर्वी कुळकायद्याची कलमे १६ ते १८ वाचावीत. कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या घरातून त्याला हुसकावण्यास या कलमांनी बंदी केली असून घराखालची जागा विकत घेण्याचा पहिला हक्क त्याला दिला आहे. शेतमजूर व गावकारागीर यांनाही हे संरक्षण लागू केलेले आहे. अशी प्रकरणे तहसीलदारांपुढे रीतसर गेली, तर काही मंजूर घरकुले जुन्याच जोत्यावर उभी राहू शकतील.

शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरणही राज्याने २०१८ मध्ये स्वीकारले. ज्यांचे घर त्याआधीचे आहे, त्यांचे पुरावे, म्हणजे घरपट्टीची पावती, वीज देयक, मतदार यादीतील नाव, गोळा करून देणे हे काम ग्रामपंचायत सहज करू शकते.

चतुर्थीचे दिवस

आता प्रश्न उरतो तो विखुरलेल्या सह्यांचा. यावर सर्वांत परिणामकारक उपाय गावाच्या पंचांगातच आहे. चतुर्थीला मुंबईकर आपापल्या घरी येतात. शिमग्याला व मे महिन्यातही येतात. वर्षभर ज्यांचा पत्ता लागत नाही, ते सारे वारस त्या आठवड्यात एकाच ओटीवर बसलेले असतात. सणापूर्वी महिनाभर आधी ग्रामसभेने घरकुलासाठी जागा देऊ इच्छिणाऱ्यांची यादी करावी, तलाठ्यांनी त्या हिस्सा नंबरांचे उतारे व वारसनोंदी तपासून ठेवाव्यात, मोजणीचे अर्ज अगोदरच दाखल व्हावेत, आणि सणानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवसांत दुय्यम निबंधक कार्यालयात वाटपपत्रे, हक्कसोडपत्रे व खरेदीखते नोंदविली जावीत. एकेकट्या माणसाने वर्षानुवर्षे हेलपाटे घालून जे काम होत नाही, ते गावाने ठरविल्यास आठवड्यात मार्गी लागेल.

चार-पाच लाभार्थ्यांनी एकत्र येऊन लगतची जागा घेतली, तर वाट, विहीर आणि मोजणीचा खर्च विभागला जातो. अशा वेळी पंचायतीने मध्यस्थ व्हावे, दलाल नव्हे. ठरलेली किंमत ग्रामसभेत उघडपणे सांगितली जावी, म्हणजे गरजवंताला अक्कल नसते या म्हणीचा फायदा घेणाऱ्यांना वाव उरणार नाही.

या कामात शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. सात-बारा कसा वाचावा, आणेवारी म्हणजे काय, आर आणि गुंठा यांचा हिशेब कसा करावा, हे शाळेच्या एका वर्गात संध्याकाळी तासाभरात समजावून सांगता येते. सही करणाऱ्या बहिणीला ती कशावर सही करीत आहे हे समजावून देणे, हेही लोकशिक्षणच होय. अधिकाऱ्यांनी आपल्या बाजूने एवढे करावे की भूमिहीन लाभार्थ्याचे परवानगीचे प्रकरण इतर जमीन व्यवहारांच्या गठ्ठ्यात पडून राहू नये. धनिकाच्या प्रकरणास सहा महिने उशीर झाला, तर त्याचा व्याप लांबतो; गरिबाच्या प्रकरणास तेवढाच उशीर झाला, तर त्याचा पावसाळा जुन्या गळक्या छपराखाली जातो, आणि घरकुलाची मुदतही सरते.

घरकुलांची संख्या अहवालात मोजली जाते, आणि ती मोजलीच पाहिजे. परंतु गावाच्या दृष्टीने त्याआधीची एक मोजणी अधिक महत्त्वाची आहे. आपल्या गावात घर मंजूर होऊनही जागेवाचून अडलेली कुटुंबे किती, आणि त्यांच्यासाठी अडून राहिलेल्या सह्या कोणाकोणाच्या, ही यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरी पुढच्या चतुर्थीपूर्वी तयार असावी. त्या यादीतील प्रत्येक नावापुढे निर्वेध सात-बारा लागला, म्हणजे पुढचे काम गवंड्यावर सोपविता येईल.